आधी फ्रिज मोजा, तोही पूर्ण २४ तास

घरातलं कोणतं उपकरण किती वीज खातं हे पाहायला सॉकेटमध्ये लावायचं वॉटमीटर घेतलंत, उत्तम! पण दहा मिनिटांच्या आकड्यावरून फ्रिजचा महिन्याचा हिशेब करू नका. नवखे इथेच फसतात. त्याचा कॉम्प्रेसर चालू-बंद होतो, म्हणून सलग २४ तास मोजा. नाशिकमध्ये एप्रिलचा आकडा जानेवारीपेक्षा जास्तच येईल, तेव्हा दोन्ही ऋतूंत मोजा.

- वॉट पाहू नका, युनिट (मीटरवर kWh) पाहा. २००० वॉटचा गिझर सलग अर्धा तास तापला की १ युनिट.
- गिझर ६ अँपिअरच्या वॉटमीटरवर कधीही लावू नका, प्लग वितळतो. बाकी सगळं बंद करून गिझर लावण्याआधीचा आणि नंतरचा महावितरणच्या मीटरवरचा फरक टिपा.

पहिल्या आठवड्याचे आकडे वहीत लिहा, मग पुढचं बोलू.