इटलीला निघताय? आधी ‘आबितानो’ म्हणून बघा

ताई, मार्चमध्ये सात वर्षांच्या मुलाला घेऊन तोरिनोला निघताय आणि इटालियन क्रियापदांचे तक्ते पाठ केले की भागेल का, असं विचारलंत. व्हिसाचं सगळं दूतावासाच्या साइटवर आहे, ते सोडते.

तक्त्यात उच्चारातला जोर दिसत नाही. शब्दाच्या शेवटच्या स्वरावर असला तरच वर खूण छापतात. पार्लो म्हणजे ‘मी बोलते’. शेवटच्या ‘ओ’वर जोर पडला की ‘तो बोलला’. एरवी सगळं कानावर. ‘ते राहतात’ला आबितानो. मी ‘ता’वर जोर द्यायचे, हवा पहिल्या ‘आ’वर. इथे राहण्याच्या परमिटच्या खिडकीत सासू-सासरे कुठे राहतात ते तीनदा सांगितलं, तिन्ही वेळा खिडकीतल्या बाईंनी कळलं नाही म्हणून मान हलवली. शेवटी कागदावर लिहून दिलं. रांग मागे खोळंबलेली, घशात आवंढा. किल्ली एवढीच: ‘मी’च्या रूपात जिथे जोर, तिथेच ‘ते’च्या रूपात. आबितो, आबितानो. तेलेफोनो (मी फोन करते), तेलेफोनानो (ते फोन करतात), दोन्हींत ‘ले’वर. ‘आम्ही-तुम्ही’त मात्र जोर शेवटून दुसऱ्यावर सरकतो: पार्लाते (तुम्ही बोलता), ‘ला’वर.

एकटेपणाचं विचारलंत. येतो, जातो. त्याची धास्ती नको.

शाळेचं मात्र अजून सलतं. दुसरीत मुलीला शब्द फोडायचा गृहपाठ असायचा. मी आपल्या अक्षरांप्रमाणे फोडून दिला. पा-स्ता बरोबर आलं, कारण तिथेही ‘स’ पुढच्या व्यंजनाबरोबर जातो. त्याने माझा धीर वाढला. मग मा-म्मा, पा-र्लो. दोन्ही चूक. दुहेरी व्यंजन मधोमध फुटतं, ‘र’ मागे राहतो: माम्-मा, पार्-लो. जोडाक्षराचा आघात आधीच्या अक्षरावर पडतो आणि ते गुरू होतं, हे वृत्तं शिकताना मीही घोकलं होतं. तोच आघात कानाने ऐकला असता तर कळलं असतं. पोर वर्गात ‘आईने सांगितलंय’ म्हणून बाईंशी भांडली आणि लाल गोलांनी भरलेली वही घेऊन घरी आली. मी कितीतरी दिवस बाईंवरच चिडून होते. चूक माझी होती, हे मुलीला सांगितलं नाही.

तुमच्या मुलाला टाळ्या वाजवत शब्द फोडू द्या, तुम्ही फक्त त्याच्यामागून म्हणा. आमच्याकडे तिसरीपासून वही माझ्यापर्यंत आलीच नाही.