एक्सएमएल डेटा टेम्प्लेटला देण्याआधी डिक्शनरीत बदलावा का?

प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: तुम्ही जिंजा (पायथनचं टेम्प्लेट इंजिन, म्हणजे साच्यात डेटा भरून पान काढणारं) वापरता, एक्सएमएल फाईल (मजकूर टॅगमध्ये घालून ठेवलेली) आधी एक्सएमएलटुडिक्ट या पायथन लायब्ररीने डिक्शनरी (की आणि तिचं मूल्य अशा जोड्या) करून टेम्प्लेटला देता, सगळं नीट चालतं पण एखाद्या फाईलीत आयटम एकच असला की लूप वेड्यासारखा वागतो. तर नोड (फाईलीतला एकेक टॅग, आतल्या मजकुरासकट) थेट देता येतात का, की फ्रीमार्करसारख्या दुसऱ्या टेम्प्लेट इंजिनकडे वळावं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. डिक्शनरी करू नका. पार्स केलेले, म्हणजे फाईल वाचून सुटे काढलेले, नोड जसेच्या तसे टेम्प्लेटला द्या. एकच आयटम आला की लूप बिघडतो हे नुसतं लक्षण आहे, दुखणं वेगळं आहे, आणि त्या दुखण्यावरून मी एका माणसाशी इतकं भांडलोय की हा प्रश्न दिसल्यावर गप्प बसवेना.

एका ठिकाणी आम्ही मशिनींची सर्व्हिस मॅन्युअलं तयार करायचो. मजकूर लिहिणारी टीम वेगळी, ते एक्सएमएलमध्ये लिहायचे, आम्ही त्यातून जिंजाने एचटीएमएल काढायचो आणि त्याची पुढे पीडीएफ व्हायची. बऱ्याच भाषांत होतं, मराठीतही. प्रत्येक कृतीच्या टॅगमध्ये पायऱ्या आणि त्यांच्या मध्ये मध्ये इशारे, म्हणजे पायरी, पायरी, इशारा, पायरी असं. आमचा लीड होता तो हुशार माणूस, ते नाकारत नाही, पण त्याचं एक पालुपद होतं की एक्सएमएल मेलंय, आत आलं की पहिल्या ओळीत त्याची डिक्शनरी करायची आणि पुढे कुणी त्याचं नावही काढायचं नाही. मी तेव्हाच म्हटलं होतं की या मजकुरात क्रमालाच अर्थ आहे, तो जाईल. तर म्हणे डिक्शनरी पायथन ३.७ पासून क्रम सांभाळते, जरा वाचत जा.

सांभाळते ना. कीजचा क्रम सांभाळते. पण पायरी, पायरी, इशारा, पायरी याची डिक्शनरी केली की त्यात कीज दोनच उरतात: ‘पायरी’ खाली तिघींची लिस्ट आणि ‘इशारा’ खाली एक स्ट्रिंग (नुसता मजकूर). तो इशारा दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मधला होता ही माहिती कुठेच उरत नाही. कोपऱ्यात, कुठल्या फ्लॅगमध्ये, कुठेच नाही. टेम्प्लेटमध्ये आधी पायऱ्यांचा लूप होता आणि मग इशाऱ्यांचा. त्यामुळे ‘झाकण काढण्याआधी मुख्य वीजपुरवठा बंद करा’ हा इशारा झाकण काढून, आतली वायर सोडवून, सगळं उरकल्यावर पानाच्या तळाशी, छान पिवळ्या चौकटीत. एरर नाही, लॉग स्वच्छ, टेस्ट हिरव्या. लिहिणाऱ्या टीममधल्या एका बाईंनी प्रूफ वाचताना पकडलं, आमच्यापैकी कुणी नाही.

यावर लीडने काय उपाय काढला असेल? प्रत्येक टॅगला क्रमांकाचा अॅट्रिब्यूट (टॅगमध्येच लिहायची जादा माहिती) लावायचा आणि टेम्प्लेटमध्ये दोन्ही लिस्ट एकत्र करून त्यावर सॉर्ट करायचं. म्हणजे फाईलीत क्रम आहेच, तो आपण फेकून द्यायचा आणि मग लिहिणाऱ्यांकडून हाताने आकडे घालून घेऊन परत आणायचा. मधे एक पायरी वाढली की खालचे सगळे आकडे बदला. मी ते ऐकून खरंच हसलो, आणि मीटिंगमध्ये हसलो, ते त्याला लागलं. पुढचं सगळं भांडण बहुतेक त्या हसण्याचंच होतं.

तुमचा लूपवाला प्रकार आमच्याकडेही झाला. ज्या कृतीत एकच पायरी तिथे लिस्टऐवजी नुसती स्ट्रिंग यायची, आणि स्ट्रिंगवर लूप फिरवला की पायथन बिचारं एकेक अक्षर हातात देतं. ‘झाकण उघडा’ ही एक पायरी. छापून आल्या ९ पायऱ्या. १ ला झ, २ ला नुसता काना, तोही तो ठिपक्यांचा गोल घेऊन, ३ ला क, ४ ला ण, ५ वी पायरी कोरी कारण ती स्पेस, आणि असंच ९ पर्यंत, जिथे पुन्हा काना. पायरीला एखादा आयडी असला तर आणखी मजा, मग स्ट्रिंगच्या जागी डिक्शनरी येते, लूप तिच्या कीजवर फिरतो आणि पानावर ‘@आयडी’ आणि ‘#टेक्स्ट’ अशा दोन पायऱ्या.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे वाक्याच्या आतले टॅग. ‘डावा बोल्ट सैल करा, मग पट्टा काढा’ या वाक्यात बोल्ट आणि पट्टा हे दोन शब्द भागाच्या टॅगमध्ये होते, कारण त्यांना पार्ट नंबरची लिंक लागायची. डिक्शनरीत याचं झालं काय, तर #टेक्स्टमध्ये ‘डावा सैल करा, मग काढा’ आणि भागाच्या लिस्टमध्ये बोल्ट, पट्टा. आता घाला परत कुठे घालताय ते. इथे क्रमांकाचा अॅट्रिब्यूटसुद्धा कामाला येत नाही, कारण मोकळ्या मजकुराला अॅट्रिब्यूट लावायला टॅगच नाही. लीडचं म्हणणं, मजकुराचा प्रत्येक तुकडा टॅगमध्ये घालायला सांगू. लिहिणाऱ्या टीमने हे ऐकून जे उत्तर दिलं ते इथे लिहीत नाही.

मी एलएक्सएमएल या पायथन लायब्ररीने फाईल वाचून रूट नोड (सगळ्यात बाहेरचा टॅग) थेट जिंजाला दिला. काही जादू नाही हो त्यात, जिंजाला कुठलाही पायथन ऑब्जेक्ट चालतो. चाइल्ड नोड्सवर (आतल्या टॅगांवर) लूप, टॅगच्या नावावर इफ, पायरी असेल तर पायरीचा मॅक्रो (टेम्प्लेटमधला परत परत बोलवायचा तुकडा), इशारा असेल तर इशाऱ्याचा. चाइल्ड एक असो की शंभर, लूप तोच, कारण नोडला त्याचे चाइल्ड विचारले की क्रमाने जेवढे आहेत तेवढे मिळतात. तुमचा प्रश्न तिथेच संपतो.

वाक्यातल्या टॅगांसाठी मात्र टेल समजून घ्या. इथे निम्मे लोक अडकतात आणि मग वैतागून डिक्शनरीकडे परत जातात. एलएक्सएमएल काय आणि पायथनबरोबर येणारं एलिमेंटट्री काय, दोन्हींत मोकळ्या मजकुराला स्वतःचा नोड नसतो. ‘डावा’ हे पायरीच्या टेक्स्टमध्ये, ‘बोल्ट’ हे भागाच्या टेक्स्टमध्ये, आणि ‘सैल करा, मग’ हे पायरीत नाही, ते त्या पहिल्या भागाच्या टेलमध्ये, म्हणजे टॅग बंद झाल्यानंतर पुढच्या टॅगपर्यंतचा जो मजकूर तो त्या आधीच्या टॅगच्या शेपटाला. विचित्र आहे, मान्य. पण एकदा कळलं की मॅक्रो चार ओळींचा: नोडचं टेक्स्ट छापा, प्रत्येक चाइल्डसाठी हाच मॅक्रो परत बोलवा, त्यानंतर त्या चाइल्डचं टेल छापा. टेक्स्ट किंवा टेल रिकामं असेल तर तिथे रिकामी स्ट्रिंग द्या, नाहीतर पायथनचं नन (‘काहीच नाही’) हे मूल्य शब्द होऊन पानावर उमटतं. आणि एलएक्सएमएल वापरत असाल तर एक्सएमएलमधल्या कमेंटसुद्धा लूपमध्ये येतात आणि त्यांचा टॅग स्ट्रिंग नसतो, त्या पार्स करतानाच काढून टाका.

लीडने माझा पीआर (कोडमधला बदल घेण्याची विनंती) अडवला. कारण काय, तर टेम्प्लेटमध्ये लॉजिक नको, टेम्प्लेट मठ्ठ असावं. हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता त्याचा कंटाळा येतो. अहो, डेटाबेसमधून काही आणणं, टॅक्स मोजणं, तारखांची वजाबाकी करणं हे टेम्प्लेटमध्ये नको हे मलाही मान्य. पण ‘हा टॅग इशारा आहे म्हणून पिवळी चौकट काढ’ हे लॉजिक नाही, हेच तर टेम्प्लेटचं काम. एक्सएसएलटी ही एक्सएमएलचं रूपांतर करायची भाषा, तिची १.० आवृत्ती १९९९ ची, तिचा सगळा पायाच हा की टॅगच्या नावावरून टेम्प्लेट निवडायचं आणि आत आत जात राहायचं. फ्रीमार्करमध्ये व्हिजिट आणि रिकर्स या आज्ञा याच कामासाठी दिल्यात, नोडच्या नावाचा मॅक्रो तो आपला आपण शोधतो. तेव्हा ही माझी टूम नव्हती. आणि ज्या टेम्प्लेटमध्ये दोन लिस्ट जोडून क्रमांकावर सॉर्ट करायचं ठरत होतं ते मठ्ठ कसं काय, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

शेवटी लिहिणाऱ्या टीमने आकडे घालायला साफ नकार दिला, रिलीजची तारीख जवळ आली आणि पीआर मर्ज झाला. पुढच्या डेमोत ‘आम्ही नोड-बेस्ड अप्रोच घेतला’ असं लीडनेच सांगितलं, तेही माझ्याच स्लाइडवरून. असो.

आता काही गोष्टी ज्या कुणी आधी सांगत नाही. एलिमेंटट्रीत आणि एलएक्सएमएलमध्येही, ज्या टॅगला चाइल्ड नाहीत तो इफमध्ये फॉल्स ठरतो, आत मजकूर असला तरी. म्हणजे शीर्षकाचा टॅग फाइंड केला, सापडला, आत शीर्षक आहे, पण नुसतं इफ लावलंत तर शीर्षक गायब. त्याऐवजी तो नन नाही ना हे तपासा. पायथन ३.१२ पासून एलिमेंटट्री यावर वॉर्निंग देतं, पण वॉर्निंग वाचतं कोण. याच्याच उलट, टॅग नाहीच सापडला आणि तुम्ही त्याचं टेक्स्ट मागितलंत तर जिंजा ओरडत नाही, चुपचाप काहीच छापत नाही. यासाठी जिंजाचं स्ट्रिक्ट-अनडिफाइन्ड (नसलेलं काही मागितलं की एरर देणारं सेटिंग) लावा, अगदी पहिल्या दिवसापासून, नंतर लावायला गेलात तर शंभर जागी फुटेल.

एस्केपिंगही बघा, म्हणजे खास चिन्हं कोडच्या रूपात लिहिणं. पार्सर फाईलीतलं एस्केप केलेलं अँड किंवा लेस-दॅन चिन्ह उलगडून देतो, ते तसंच एचटीएमएलमध्ये ओतलं की पान मोडतं. जिंजात ऑटोएस्केप आपसूक चालू नसतं. सिलेक्ट-ऑटोएस्केप लावलं तरी ते फाईलीच्या नावाचा शेवट बघतं, एचटीएमएल, एचटीएम, एक्सएमएल एवढंच, आणि बहुतेकांच्या टेम्प्लेटचं नाव शेवटी जेटू असतं. मग बसा शोधत.

नेमस्पेस (टॅगच्या नावांना जोडलेला यूआरआय, म्हणजे पत्त्यासारखी ओळख) आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. रूटवर एक्सएमएलएनएस दिसत असेल तर नुसत्या नावाने काही सापडणार नाही, पूर्ण यूआरआय महिरपी कंसात घालून पुढे नाव लिहावं लागतं. पायथन ३.८ पासून एलिमेंटट्रीच्या फाइंडमध्ये यूआरआयच्या जागी कंसात चांदणी चालते. आळशी उपाय आहे, पण टेम्प्लेट वाचायला बरं राहतं.

आणि हो, इतकं तावातावाने लिहिलं तरी सगळीकडे नोडच द्या असं नाही. तुमची फाईल म्हणजे सेटिंग्जसारखी सपाट असेल, प्रत्येक टॅग एकदाच, वाक्यात टॅग नाहीत, तर डिक्शनरीने काही बिघडत नाही. त्यातही एखादा टॅग अनेकदा येऊ शकत असेल तर एक्सएमएलटुडिक्टला फोर्स-लिस्टमध्ये अशा टॅगांची नावं द्या, ते टॅग एकदाच आले तरी लिस्टच मिळेल. मात्र ती नावं स्कीमा (फाईलीत काय कितीदा येऊ शकतं याचे नियम) बघून ठरवा, हाताशी असलेल्या दोन सॅम्पल फाईली बघून नको. फाईल फार मोठी असेल तर आख्खं झाड मेमरीत घेऊ नका, इटरपार्सने एकेक कृती उचला, छापा, क्लिअर करा. बाहेरच्या कुणाकडून येत असेल तर एन्टिटी (दुसरीकडचा मजकूर आत ओढून आणणारी एक्सएमएलची सोय) बंद करूनच पार्स करा, नाहीतर तुमच्या सर्व्हरवरची फाईल त्यांच्या पानावर दिसू शकते.

फ्रीमार्करचं म्हणाल तर एक्सएमएलसाठी ते जिंजापेक्षा चांगलं आहे. व्हिजिटला ज्या टॅगचा मॅक्रो सापडत नाही तिथे ते एरर देऊन थांबतं, एक्सएसएलटीसारखं आतला मजकूर गुपचूप छापून पुढे जात नाही, आणि मला हे फार आवडतं. एकच सांभाळा, नसलेला टॅग मागितला की तिथे रिकामी सीक्वेन्स येते, त्यामुळे ‘आहे का’ हे दोन प्रश्नचिन्हांनी नुसत्या नावावर विचारलं तर उत्तर कायम हो. नावापुढे [0] लावून विचारायचं. पण ते जावाचं आहे, आणि तुमचं बाकीचं सगळं पायथनमध्ये असेल तर एवढ्यासाठी जावा चालवायला लागणारं जेव्हीएम सांभाळत बसू नका.