कॅम्परव्हॅनच्या इंजिनाची ताकद दुप्पट करायची तर सुरुवात कुठून करावी?

ब्रेकपासून. इंजिन नंतर. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे ताशी १०० ऐवजी १४० किलोमीटरवरून थांबायचं तर ब्रेकना जवळजवळ दुप्पट उष्णता पचवावी लागते. त्यात पलंग, ओटा आणि १०० लिटर पाण्याचं १०० किलो ओझं! मोठ्या डिस्क आणि तेवढं वजन पेलणारे टायर यांना पर्याय नाही.

टर्बोचा (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपाचा) दाब वाढवला की इंटरकूलर (ती हवा थंड करणारा भाग), रेडिएटर, क्लच ओघाने आलेच. खरा कस लांब चढावर लागतो. तिथे अवजड गाडीचं इंजिन काही सेकंद नव्हे, मिनिटंच्या मिनिटं पूर्ण जोरावर चालतं. म्हणून मी कमाल अश्वशक्तीपेक्षा कमी आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला कमी फेऱ्या असताना) मिळणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, निवडेन. पाण्याची टाकी मात्र शक्य तितकी खाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये बसवा.