विचारा, सांगते: चिनी बोरं, काळे तीळ आणि आपले हॉर्मोन

गेल्या दोन महिन्यांत एकाच विषयावर इतके मेल आलेत की हा सगळा अंक त्यालाच देऊन टाकते. चिनी पारंपरिक पद्धतीने खाल्लं तर हॉर्मोन ताळ्यावर येतात का? आधीच सांगते, मी आहारतज्ज्ञ आहे, चिनी वैद्य नाही. पण नवऱ्याच्या नोकरीपायी सहा वर्षं चीनमधल्या ग्वांगचौमध्ये काढलीत, शेजारणींच्या स्वयंपाकघरात उभं राहून बरंच बघितलं, विचारलं आणि फ्रिजमधलं पाणी प्यायल्याबद्दल बोलणीही खाल्लीत.

प्रश्न: ताई, मी २७ वर्षांची, नाशिकला असते. पीसीओडी (अंडाशयाचा हॉर्मोनचा त्रास) आहे, पाळी दोन-दोन महिने येत नाही, वजन ७८. एका रीलमध्ये चायनीज मेडिसिनचं हॉर्मोन ड्रिंक बघितलं, रेड डेट्स, गोजी बेरी (वाळवलेली छोटी लाल फळं) आणि काळे तीळ. दीड महिना रोज सहा खजूर, गोजी आणि तीळ दुधात वाटून पितेय. वजन दोन किलो वाढलं! काय चुकतंय?

उत्तर: अगं, रेड डेट्स म्हणजे खजूर नाहीतच. ते चिनी बोर, होंगझाओ म्हणतात, आपल्या बोराचं सख्खं भावंड, वाळवलं की लाल सुरकुतलेलं दिसतं. पण खजुराऐवजी बोरं घेतली असतीस तरी फार फरक पडला नसता कारण तीही वाळल्यावर बऱ्यापैकी साखरच असते. खरी गोची वेगळीच आहे.

हॉर्मोन हा शब्दच १९०५ सालचा, इंग्लंडमधला. चिनी वैद्यकाचा मूळ ग्रंथ, पिवळ्या सम्राटाच्या नावाने ओळखला जाणारा 'नेइजिंग', तो साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचा, त्यामुळे त्यात हॉर्मोनसाठी हे खा असं कुठेच नाही. तिथे भाषा आहे ती प्लीहा, यकृत आणि मूत्रपिंड यांची, आणि प्लीहा म्हणजे सोनोग्राफीत दिसते ती नव्हे, तर खाल्लेल्याचं रक्त आणि ताकद बनवणारी सगळी यंत्रणा. यकृताने सगळं वाहतं ठेवायचं, मूत्रपिंडाने जन्माची शिदोरी सांभाळायची. हे बिघडलं की पाळी बिघडते, असा हिशोब.

आणि त्यांचा एक नियम रीलवाल्यांनी सोयीस्कर गाळलाय, तो म्हणजे आजार एक असला तरी उपाय वेगळा असू शकतो. पीसीओडीवाल्या दोघी वैद्याकडे गेल्या, त्यातली एक हडकुळी, फिकट, हातपाय गार पडणारी, तर तिला रक्ताची कमतरता म्हणून बोरं, तीळ, गोजी नक्की मिळेल. दुसरी तुझ्यासारखी, वजन वाढलेलं, जेवल्यावर अंग जड, जिभेवर पांढरा थर, तर तिच्या अंगात 'ओल' आणि कफ साचलाय म्हणणार आणि पहिल्या फटक्यात बंद काय करणार? गोड, दूध, तळलेलं आणि थंडगार. म्हणजे तू दीड महिना नेमकं तेच पीत होतीस जे तुला सोडायला सांगितलं असतं 🙂

अशा बाईला तिकडे मोत्यासारखा दिसणारा यीरन नावाचा दाणा आणि छोटे लाल बीन्स यांचं पाणी उकळून देतात (यीरन गरोदरपणात टाळतात, चान्स घेत असशील तर तू पण नको). बाकी जेवण साधंच, शिजवलेल्या भाज्या, मुळा, पातळ पेज, पोट पूर्ण भरायच्या आत उठायचं, आणि सकाळी ७ ते ९ ही पोटाची वेळ मानतात म्हणून नाश्ता गरम आणि वेळेवर. आता हे वाचून तुला आजी आठवली असेल तर बरोबर आठवली. मुगाचं कढण, ज्वारीची भाकरी, मुळ्याची भाजी, झालं की. पीसीओडीत इन्सुलिनचा मोठा हात असतो आणि वजन ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी रुळावर येते, तुझ्या बाबतीत म्हणजे चार ते आठ किलो. यीरन नाही मिळाला तर काही अडत नाही.

तू अॅक्युपंक्चरचंही खाली विचारलंयस. चीनमध्येच पीसीओएसच्या (म्हणजे तुझ्या पीसीओडीच्याच) १००० बायकांवर मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये छापून आला, मूल होण्याच्या प्रमाणात सुयांनी वाढ झाली नाही, क्लोमिफीन नावाच्या गोळीने झाली. आणि पाळी तीन महिन्यांच्या वर लांबली तर ड्रिंक वगैरे बाजूला ठेव, गायनॅककडे जा.

प्रश्न: मी मूळची सांगलीची, सध्या शेन्झेनला जॉब. पाळी आली की ऑफिसमधल्या चिनी मैत्रिणी माझी आइस कॉफी काढून घेतात आणि ब्राऊन शुगर-आल्याचं गरम पाणी आणून ठेवतात. म्हणतात गर्भाशय थंड पडेल. खरंच असतं का असं?

उत्तर: किती गोड आहेत गं त्या! याला तिकडे गोंगहान म्हणतात, गर्भाशयातली थंडी. कल्पना अशी की थंडीत खोबरेल जसं थिजतं तसं गारव्याने रक्त थिजतं, अडतं, मग दुखतं. शब्दशः घेऊ नकोस, कॉफी पोटात गेली की शरीर तिला ऊन करूनच घेतं, ती गर्भाशयापर्यंत गार पोचत नाही. पण आल्यावर छोटे-छोटे अभ्यास झालेत आणि पाळीच्या दुखण्यात थोडा आराम दिसलाय, शेकानेही बरं वाटतंच, आपल्याकडे ओव्याचं पाणी आणि गरम पाण्याची पिशवी दुसरं काय करते? फक्त ती ब्राऊन शुगर रक्त वाढवते हे डोक्यातून काढ, आपल्या गुळासारखीच ती, तेवढ्याने हिमोग्लोबिन हलत नाही, ते तपासून घे. कुठलंही दुखणं सांगितलं की 'गरम पाणी पी' म्हणणारा बॉयफ्रेंड हा तर तिथल्या पोरींचा कायमचा विनोद आहे, विचार त्यांना.

आणि थंड-उष्ण म्हटलं की आपण लगेच मान डोलावतो ना, आपलंच आहे म्हणून, तर एक गंमत सांगते. खेकडा आपल्याकडे उष्ण, सर्दी झाली की कोकणात खेकड्याचा रस्सा देतात. तिकडे तोच खेकडा इतका थंड की आल्याशिवाय ताटात येत नाही आणि पाळीत तर नकोच म्हणतात. मी दोन्हीकडच्या सासवांसमोर गप्प बसून खाल्लाय.

प्रश्न: ठाणे, वय ४३. थायरॉइडची गोळी चालू आहे, हाशिमोटो सांगितलंय. चिनी वैद्यकात थायरॉइडला समुद्री शेवाळ देतात असं वाचून केल्प पावडर मागवली. रोज एक चमचा ठीक ना?

उत्तर: नाही, बंद करा. वाचलंत ते खरंय पण अर्धं. गळ्याला गाठ येते त्यावर समुद्री शेवाळ द्यायची पद्धत चौथ्या शतकात ग हॉंग नावाच्या वैद्याने लिहून ठेवलीय, सातव्या शतकात सुन सिमियाओने तर मेंढीची थायरॉइड ग्रंथीच औषधात वापरली, आणि आयोडीन म्हणजे काय हे जगाला माहीत नसताना ही माणसं बरोबर जागी पोचली होती, मला याचं खरंच अप्रूप आहे. पण ती गाठ आयोडीन न मिळाल्याची. तुमचा आजार तो नव्हे, तुमचं शरीर स्वतःच्याच ग्रंथीशी भांडतंय आणि त्यात जास्तीचं आयोडीन म्हणजे आगीत तेल. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम पुरतं, वाळक्या केल्पच्या एका ग्रॅममध्येच त्याच्या कितीतरी पट असू शकतं आणि तुम्ही चमचा म्हणताय. सोयाबीनचं दूध पीत असाल तर तेही गोळीपासून लांब ठेवा, कॅल्शियम नि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर हवंच.

प्रश्न: कोल्हापूर, वय ५०. पाळी जाऊन आठ महिने, रात्री घामाने गाऊन भिजतो. भाचीने जिनसेंग (ताकदीची चिनी मुळी) आणून दिलं, ते आणि सुंठीचे लाडू खातेय. घाम वाढलाय. सिंगापूरची जाऊ म्हणते दांगग्वेई घ्या, बायकांचं जिनसेंग असतं. माझ्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन झालंय, रक्त पातळ करायची गोळी आहे.

उत्तर: काकू, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. दांगग्वेई अजिबात घेऊ नका. ती मुळी रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनसारख्या गोळीचा परिणाम वाढवते, रक्तस्राव होऊ शकतो. ज्या डॉक्टरांकडे आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते) तपासता त्यांना आजच फोन करा, जिनसेंगचंही सांगा, तेही या गोळीच्या कामात ढवळाढवळ करू शकतं. चीनमध्ये दांगग्वेई मटणाच्या सूपमध्ये आल्यासोबत घालतात म्हणून ती भाजीसारखी वाटते, पण ती औषधच आहे.

आता घामाचं. नेइजिंगमध्ये बाईचं आयुष्य सात-सात वर्षांत मोजलंय, १४ ला पाळी सुरू, ४९ ला संपते, तुमचं गणित तर ग्रंथात दिल्यासारखं बसलंय. त्यांच्या मते या वयात शरीरातलं पाणी, म्हणजे यिन, आटतं आणि आग मोकळी सुटते. मग सुंठ, लाल जिनसेंग, मटण, तांबडा रस्सा (हो, कोल्हापूरकरांनो!) आणि दारू हे सगळं आगीत लाकडं घालणं झालं. ग्वांगचौच्या माझ्या शेजारीण मावशी नाशपाती आणि पांढरी बुरशी, म्हणजे मशरूमच्या जातीतली चिकट पांढरी फुलं, ती मंद आचेवर दोन तास शिजवून रात्री वाटीभर प्यायच्या. तुम्ही नाशपाती नुसती शिजवून खा, लाडू हिवाळ्यापर्यंत डब्यात राहू द्या, झोपायच्या आधी चहा नको. घामाने झोपच होत नसेल तर गायनॅककडे औषधं आहेत, तुमचं ऑपरेशन आणि गोळी सांगून विचारा, लाजू नका.

प्रश्न: सगळं बायकांचंच? पुरुषांना हॉर्मोन नसतात का? वय ४१, पुणे.

उत्तर: असतात हो दादा. नेइजिंगमध्ये तुमचं मोजमाप आठ-आठ वर्षांचं, ४० ला मूत्रपिंडाची ताकद उतरणीला लागते, केस गळतात असं लिहिलंय, म्हणजे तुम्ही वेळेवर आहात. अक्रोड नि काळे तीळ सांगतात, मूठभर खा, चांगलेच आहेत. पण तुम्ही पुढे लिहिलंय की शुक्रवार-शनिवार बिअर आणि जेवण रोज रात्री साडेदहाला, त्यावर तिथला वैद्य नाडी बघायच्या आधीच हसला असता. जेवण आठला आणा, दोन महिन्यांनी पोटाचा घेर मोजा आणि मला परत लिहा.