एमबीबीएसच्या अंतिम परीक्षेसाठी उजळणीचा कोर्स घेताना काय बघावं: व्हिडिओ की प्रश्नसंच?

प्रश्न जास्त सोडवून घेणारा कोर्स घ्या, व्हिडिओंच्या तासांवर भुलू नका. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ च्या प्रयोगात उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र एकदा वाचून, मग न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. व्हिडिओ बघताना 'सगळं येतंय' असं वाटतं ना, ते हेच पाच मिनिटांचं सुख.

पैसे भरण्याआधी नमुन्याचा एक प्रश्न मागून त्याचं स्पष्टीकरण वाचा. समजा, छातीत दुखणारा रुग्ण आहे आणि ईसीजीत दुसऱ्या, तिसऱ्या व एव्हीएफ लीडमध्ये एसटी सेगमेंट वर गेलाय. 'इन्फिरियर एमआय' (हृदयाच्या खालच्या भागाचा झटका) एवढं लिहून स्पष्टीकरण संपत असेल तर तो कोर्स सोडा. उजव्या बाजूचे लीड का लावायचे, त्या झटक्यात हृदयाचं उजवं वेंट्रिकलही (उजवा खालचा कप्पा) सापडलं असेल तर नायट्रोग्लिसरीन का टाळायचं, बाकीचे पर्याय कुठे चुकले, हे त्यात हवं. चुकलेले प्रश्न काही दिवसांनी आपोआप पुन्हा समोर येत असतील तर फारच उत्तम.

फक्त एक: हे सगळं लेखी परीक्षेपुरतं. ओएससीईत, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षेत, घड्याळ लावून, कुणीतरी बघत असताना पोट तपासायचं असतं. तो हात वॉर्डातच बसतो. त्यासाठी दोन मित्र गाठा, एक रुग्ण आणि एक परीक्षक.