मिठाचा रेणू म्हणावं का?

एका पालकांनी विचारलं आहे : मुलीनं रसायनशास्त्राच्या उत्तरात ‘मिठाच्या एका रेणूत सोडियमचा एक आणि क्लोरीनचा एक अणू असतो’ असं लिहिलं. बाईंनी ‘रेणू’खाली लाल रेघ मारली. पण मिठाचं रेणुवस्तुमान काढा, असं तर गणितात सर्रास विचारतात. मग हा शब्द चूक कसा?

बाईंचं बरोबर आहे. त्या वाक्यातला ‘अणू’ही खरं तर सुटायला नको होता, कारण मिठात असतात ते सोडियम आणि क्लोराइड यांचे आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन देऊन किंवा घेऊन विद्युतप्रभारित झालेले अणू (क्लोराइड हा क्लोरीनचा आयन). ‘मिठाच्या स्फटिकात सोडियम आणि क्लोराइड आयन १:१ प्रमाणात असतात’ हे वाक्य बिनचूक. NaCl या सूत्रात दिसणाऱ्या जोडीचा वेगळा उल्लेख करायचाच असेल, तर तिला ‘सूत्र-एकक’ म्हणावं.

रेणू म्हणजे एकमेकांना बांधलेल्या अणूंचा असा गट, की त्यात कोण आहे आणि कोण नाही हे नक्की सांगता येतं. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचे दोन हायड्रोजन कोणते, हे बर्फातसुद्धा ओळखता येतं : दोन जवळचे, सहसंयुज बंधानं (म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन) जोडलेले, आणि बाकीचे दूरचे. मिठात हे जमतच नाही. तिथे प्रत्येक सोडियम आयनाला सहा क्लोराइड शेजारी असतात : पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली. सहाही सारख्याच अंतरावर, ०.२८२ नॅनोमीटरवर. यातला त्याचा जोडीदार कोणता? कोणताच नाही, किंवा सहाही सारखेच. प्रत्येक क्लोराइडभोवतीही असेच सहा सोडियम. ०.३ मिलिमीटर कडेचा दाणा घेतला, तर त्याच्या एकेका कडेवर दहा लाखांच्या आसपास आयन ओळीनं उभे असतात, आणि ही रांग मध्ये कुठेही तुटून ‘इथे एक रेणू संपला’ असं होत नाही.

मुलीला हे पटायला जड गेलं तर तिला सांगा, भल्याभल्यांना जड गेलं होतं. विल्यम ब्रॅग आणि त्यांचा मुलगा लॉरेन्स यांनी १९१३ साली क्ष-किरणांच्या साहाय्यानं मिठाच्या स्फटिकाची रचना उलगडली. १९१५ चं भौतिकशास्त्राचं नोबेल बापलेकांना मिळून मिळालं, तेव्हा लॉरेन्स अवघा २५ वर्षांचा होता. मिठात स्वतंत्र रेणू दिसत नाहीत, सोडियम आणि क्लोरीन सारख्या संख्येनं येतात ते बुद्धिबळाच्या पटासारख्या मांडणीमुळे, जोड्या लागल्यामुळे नव्हे, असं त्यानं लिहिलं. त्यावर हेन्री आर्मस्ट्राँग हे ज्येष्ठ इंग्रज रसायनशास्त्रज्ञ इतके संतापले, की १९२७ मध्ये ‘नेचर’ साप्ताहिकात त्यांनी बिचाऱ्या मिठाची कड घेणारं पत्र लिहिलं. ही कल्पना अक्कलेला न पटणारी आहे, हे रसायनशास्त्रातलं क्रिकेट नव्हे, म्हणजे खेळाच्या रीतीला धरून नव्हे, असा त्यांचा सूर होता. मला हे पत्र फार महत्त्वाचं वाटतं. आयुष्यभर एक सोडियम, एक क्लोरीन अशी जोडी डोळ्यांसमोर ठेवणाऱ्या माणसाला तो पट दिसत असूनही मान्य होत नव्हता.

आजच्या वर्गातही ही जोडी मनात बसते ती फळ्यावरच्या आकृतीमुळे. सोडियम एक इलेक्ट्रॉन देतो, क्लोरीन घेतो, मध्ये बाण. ही आकृती इलेक्ट्रॉनचा हिशेब सांगते, तेवढ्यापुरती ती उत्तम आहे. पण देणारा आणि घेणारा मग कायमचे एकमेकांचे होतात, असं ती सांगत नाही. आयनिक बंध म्हणजे विरुद्ध प्रभारांमधलं आकर्षण, आणि ते चहूबाजूंना सारखंच असतं. म्हणूनच मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस लागतात.

सूत्राकडे नुसतं पाहून ‘रेणू’ म्हणावं की नाही, हे मात्र कळत नाही. कार्बन डायऑक्साइड आणि सिलिकॉन डायऑक्साइड ही नावं अगदी एका साच्यातली. पहिल्याचे खरेखुरे रेणू असतात, अगदी गोठलेल्या कोरड्या बर्फातही. दुसरा पदार्थ म्हणजे आपली गारगोटी. तिच्यात प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनांना आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनना सहसंयुज बंधानं धरून असतो, आणि हे जाळं पूर्ण दगडभर पसरलेलं असतं. तेव्हा ‘सिलिकॉन डायऑक्साइडचा रेणू’ हाही प्रयोग टाळावा. याउलट खडीसाखरेचा खडा मिठासारखाच स्फटिक, तरी ‘साखरेचा रेणू’ शंभर टक्के बरोबर. साखर पाण्यात विरघळली तरी तिचे रेणू अखंड राहतात, म्हणून ते पाणी विजेचं सुवाहक होत नाही. मिठाचं पाणी होतं, कारण त्यात आयन सुटे फिरतात. हा प्रयोग शाळेत सहज होतो आणि शब्द का बदलतो ते डोळ्यांना दिसतं.

आता रेणुवस्तुमान. सोडियमचं अणुवस्तुमान २३ अधिक क्लोरीनचं ३५.५ बरोबर ५८.५, हा आकडा बरोबरच आहे. त्याला ‘सूत्रवस्तुमान’ म्हणणं अधिक काटेकोर. पण प्रश्नपत्रिकेत ‘मिठाचं रेणुवस्तुमान काढा’ असं आलं तर मुलीनं खुशाल ५८.५ लिहावं. तिथे तो शब्द रूढीनं आलेला असतो आणि गणित त्यानं बिघडत नाही. वर्णनात मात्र तो चालवून घेऊ नये, कारण तिथे तो पदार्थाचं चित्रच चुकीचं उभं करतो.

आणि ‘मिठाचा रेणू’ हा शब्दप्रयोग पुरता हद्दपारही करू नका. मीठ वितळवून आणखी तापवलं, अगदी वाफ होईपर्यंत, की त्या वाफेत एक सोडियम आणि एक क्लोरीन अशा जोड्या खरोखर सापडतात. त्यांच्यातलं अंतरही घटून ०.२३६ नॅनोमीटर होतं, म्हणजे स्फटिकातल्यापेक्षा ती दोघं कितीतरी जवळ असतात. त्या जोडीला रेणूच म्हणायचं.