‘आजोबांचा डोळा लागलाय’

मेलबर्नहून एका आईने लिहिलंय. रविवारी संध्याकाळी नाशिकला फोन लावला, तर आजी हळू आवाजात म्हणाली, “आत्ताच आजोबांचा डोळा लागलाय.” 11 वर्षांचा नातू घाबरून म्हणाला, “मग डोळ्याची वाट लागली का?” आजी एकदम गप्प झाली. बाबांनी त्याला रागावून खोलीत पाठवलं. असले शब्द तो उचलतो तरी कुठून आणि ते बंद कसे करायचे, असं आई विचारते.

ताई, आधी त्याला जवळ घ्या. तो उद्धट बोललेला नाही. लहानपणी तो पडला की तुम्हीच धावत जाऊन विचारायचात ना, “कुठे लागलं?” गुडघ्याला लागलं, डोक्याला लागलं, तसा आजोबांचा डोळा लागला असणार, असं त्याला वाटलं. नुकती झोप लागली की ‘डोळा लागला’ म्हणतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यात ‘वाटेकडे डोळे लागले’ म्हटलं की झोप उडालेली असते! एका डोळ्याचे दोन झाले आणि अर्थ उलटला.

‘लागणे’चा मूळ अर्थ चिकटणे, स्पर्श होणे. संस्कृतातल्या ‘लग्’ धातूपासून तो आला, आणि ‘लग्न’ही तिथूनच. दूध भांड्याच्या बुडाला लागतं, वेल मांडवाला लागते, लळा लागतो, बोलणं मनाला लागतं, मामा आपला मामा लागतो. सगळीकडे काहीतरी कशाला तरी येऊन भिडतं. एवढं धरून ठेवलंत तर मुलाला यादी पाठ करून घ्यावी लागणार नाही. (हे आणखी एक ‘लागणे’, सक्तीचं.)

मला स्वतःला एसटी स्टँडवरचं ‘लागणे’ फार आवडतं. “गाडी फलाटाला लागली” असं ऐकलं की सगळे पिशव्या उचलून धावतात, आणि तीच गाडी कशेडी घाटात शिरली की खिडकीशी बसलेल्या पोराला ‘गाडी लागते’. मग लिंबू शोधायचं. मुलाला हे सांगून बघा, विसरणार नाही.

आता ‘वाट लागली’. पेपर अवघड गेला, फोन पाण्यात पडला, पावसात लोकल बंद पडल्या, की मुंबई-पुण्याची मुलं हेच म्हणतात. आपणही म्हणतोच, आणि मुलं ते आपल्याकडूनच उचलतात. मित्रांत चालू द्या. पण थोरांच्या तब्येतीबद्दल ते कानाला टोचतं, तिथे ‘त्रास होतोय का?’ असं विचारायचं. स्वतःबद्दल घरात सांगताना ‘पंचाईत झाली’, ‘फजिती झाली’ हे शब्द हाताशी द्या. ‘वाटेला लावणे’ मात्र वेगळं, त्यात पाहुण्यांना नीट मार्गस्थ करणंही येतं. आणि नुसतं “माझी लागली” त्याच्या कानावर येत असेल, तर त्यात गिळलेला शब्द अश्लील आहे, हे त्याला न रागावता पण स्पष्ट सांगा. 11 वर्षांच्या मुलाला ते समजतं.

परदेशात वाढणाऱ्या मुलांचं मला याहून जास्त जाणवतं ते ‘मी भूक आहे’, ‘मी थंड आहे’. मराठीत भूक आपल्याकडे येते: मला भूक लागली, तहान लागली, उचकी लागली, ऊन लागलं. तो चुकला की व्याकरण समजावत बसू नका. “तुला भूक लागली? चल, पोळी देते,” एवढं पूर्ण वाक्य बोला. रोज कानावर पडलं की बसतं.

अडलंच तर मोल्सवर्थचा 1857 च्या आवृत्तीचा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. त्यातली ‘लागणे’ची नोंद मुलाला शेजारी बसवून वाचा.

येत्या रविवारी आजीला फोन त्यालाच लावू द्या, आणि त्याला काय वाटलं होतं ते त्यालाच सांगू द्या. फक्त वेळ बदला. तुमच्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे सहा, म्हणजे नाशिकला दुपारचा दीड. जेवण झाल्यावर आजोबांचा डोळा लागणारच. साडेआठला लावा, तेव्हा तिकडे चार वाजतात आणि चहा ठेवलेला असतो.